ताराबाईंचा तराजू

आपल्या अंकात दर वर्षी थोर व्यक्तींवर लेख असतात. सावित्रीबाई असतात, बाबासाहेब असतात, आणि इंजिनिअरिंग कॉलेज म्हटल्यावर विश्वेश्वरय्या आणि कलाम हवेतच. यंदा मी अशा एका बाईंवर लिहितेय ज्यांचं आयुष्यात एकच पुस्तक आलं. त्या म्हणजे 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे त्या मला आधी इंग्रजी भाषांतरातून भेटल्या. मग हट्टाने मूळ मराठी मिळवून वाचलं. भाषा जुनी आहे, पण एकदा लय सापडली की पुस्तक खाली ठेववत नाही.

ताराबाईंचा जन्म १८५० चा, वऱ्हाडात, बुलढाण्याला. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. चार भावांत ही एकटी मुलगी. मुलींच्या हाती पाटी देणं पाप मानायचे त्या काळात वडिलांनी तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न मात्र रिवाजाप्रमाणे लहानपणीच झालं. फरक एवढाच, की ताराबाई सासरी गेल्या नाहीत, नवराच घरजावई म्हणून आला. त्यांना मूलबाळ झालं नाही. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने बाई म्हणून त्यांची किंमत शून्यच. आणि त्यांनी लेखणी उचलली ती एका आईसाठी!

ती आई आपल्या शेजारचीच. नंदुरबारहून गाडीत बसलं की काही तासांत सुरत येतं. आपल्यातले निम्मे तरी कपडे घ्यायला तिथेच जातात. त्याच सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडची विजयालक्ष्मी ही तरुण ब्राह्मण विधवा. १८८१ मध्ये लोकलाजेपोटी आपल्या तान्ह्या बाळाला मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी जाऊन जन्मठेप काळ्या पाण्याची आली आणि पुढे ती शिक्षा ५ वर्षांवर आणली गेली.

कोर्टाचं काम तिथे संपलं, पण वर्तमानपत्रांचं सुरू झालं. पुणे वैभवसारख्या पत्रांतून विधवांच्या आणि एकूणच नव्या बायकांच्या चालीवर ताशेरे झडू लागले. तेव्हा वर्तमानपत्राचा शब्द म्हणजे वजनदार शब्द. चार शहाण्या माणसांनी छापलं की गावोगावचे चाळीस शहाणे तेच पारावर बोलणार. ज्या बाईबद्दल हे सगळं चाललं होतं ती तुरुंगात होती, आणि जिला विधवा म्हणून कोंडून ठेवलं त्या लाखो बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. निकाल एकतर्फी लागणारच होता.

ताराबाईंनी उत्तर दिलं १८८२ मध्ये. पुण्यात छापलेलं छोटंसं पुस्तक, प्रती ५००, किंमत ९ आणे. यात त्यांनी विजयालक्ष्मीसाठी रडगाणं गायलं नाही. त्यांनी तराजू उचलला. बायकांवर जे जे दोष ठेवले जातात, ते एकेक करून एका पारड्यात टाकले, आणि दुसऱ्या पारड्यात पुरुषांना बसवलं. बायका अविचारी म्हणता? मग लाच खाणारे, दारूपायी घर बुडवणारे कोण? बायका संशयी म्हणता? मग एका बायकोवर दुसरी आणून बसवल्यावर तिने काय आरती ओवाळायची? पुरुषांनी बूट-पाटलोण घातली, साहेबाचं खाणंपिणं उचललं, तेव्हा धर्म बुडाला नाही. तो नेमका विधवेच्या कुंकवापाशीच कसा अडकला? हे मी माझ्या शब्दांत सांगतेय, त्यांच्या शब्दांत ते दहापट झोंबतं. देवादिकांनाही त्यांनी सोडलं नाही.

मला या पुस्तकात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. अग्रलेख लिहिणारा नेहमी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला असतो. तो कोण, त्याला हा अधिकार कोणी दिला, हे कोणी विचारत नाही. उपहास करणारा त्या खुर्चीलाच हात घालतो. म्हणून अग्रलेख लिहिणारा विद्वान ठरतो आणि उपहास करणारा उद्धट, त्यातून ती बाई असली तर विचारायलाच नको.

ताराबाईंच्या वाट्याला तेच आलं. बाहेरच्यांचं सोडा, काही सत्यशोधकांनाही पुस्तक रुचलं नाही. जोतीराव फुले मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या स्वतःच्याच सहकाऱ्याला सुनावलं. जोतीरावांना हे शोभणारंच होतं. त्यांनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, जिथे अडचणीत सापडलेली विधवा गुपचूप बाळंत होऊ शकत होती. इतर लोक आईला दोष देत होते तेव्हा या नवरा-बायकोने तिला खोली दिली.

ताराबाईंनी पुढे दुसरं पुस्तक काढलं नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पुस्तक विस्मरणात गेलं, ते थेट १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून वाचकांसमोर आणलं. मधली नव्वदहून जास्त वर्षं अग्रलेखच जिंकले होते असं म्हणायला हरकत नाही.

आता कोणी म्हणेल, जुनी गोष्ट झाली. मला तसं वाटत नाही. विजयालक्ष्मीबद्दल वाचताना माझ्या मनात एक साधी गोष्ट येत राहिली. बाळंत झाल्यावर दोन-चार दिवसांत आईला दूध येतंच. निसर्ग कपाळावरचं कुंकू बघून दूध देत नाही. ते कोणी पाजायचं, कुठे, कधी, हे ठरवतो समाज. आणि हा निवाडा आजही चालू आहे, तोही आपल्याच जिल्ह्यात.

कुपोषणाची बातमी आली की नंदुरबारचं नाव येतं. त्याबरोबर आईच्या अडाणीपणावर लिहिणारेही येतात. ती चीक फेकून देते, वेळेवर पाजत नाही, सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्यायचं तर मध्येच वरचं देते. सल्ला चूक नाही, डॉक्टरही तेच सांगतात. पण जरा हिशेब करू, आपण इंजिनिअर आहोत. तान्हं बाळ दिवसातून निदान ८ वेळा पितं. एका वेळेला २० मिनिटं धरली तर रोजचे १६० मिनिटं, म्हणजे जवळपास पावणेतीन तास. अक्कलकुवा-धडगावकडची बाई ऊसतोडीला गुजरातेत जाते तेव्हा नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली, मजुरी टनावर. तिचे पावणेतीन तास कोणाच्या हजेरीत लिहायचे? बाळ झोळीत आणि आई फडात, मग दोष कोणाचा?

शहरातल्या बाईचीही सुटका नाही. डबा आणून पावडर पाजली तर ती निर्दयी, आणि एस.टी. स्टँडवर पदराआड पाजायला बसली तर निर्लज्ज. पाजलं तरी बोल, नाही पाजलं तरी बोल.

जिथे बोल लावणं थांबलं तिथे काम झालेलं दिसतं. बाळाला नीट कसं धरावं, तोंडात कसं द्यावं याचं प्रशिक्षण आपल्या जिल्ह्यात दिलं गेलं, त्यात आयआयटी मुंबईचाही हात होता. गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. आईलाही पोटभर खायला मिळायला हवं, इतकी साधी गोष्ट आहे ही.

हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी ती रात्री रायगडाचा कडा उतरली. आपण तिच्या नावाचा बुरूज दाखवतो आणि एस.टी. स्टँडवर हिरकणी कक्षाची पाटी लावतो. ताराबाईंनी ही गोष्ट सांगितली असती तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता असं मला वाटतं : बाळ घरी भुकेलं आहे हे सांगूनही गडाचा दरवाजा का उघडला नाही?