मेकॅनिकलचे होमी भाभा

वैतरणेचा पूल ओलांडून बोईसरला उतरणाऱ्यांना तारापूर काही नवीन नाही. पण हे केंद्र इथे आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. होमी भाभा (जन्म १९०९, मुंबई) मूळचे मेकॅनिकलवाले! घरच्यांना जमशेदपूरच्या कारखान्यासाठी इंजिनिअर हवा होता. पठ्ठ्याने १९३० साली केंब्रिजला ती परीक्षा पहिल्या वर्गात काढली, आणि मगच गणित-भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५५ साली अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची जिनिव्हा परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरताना, बड्यांनी मागास देशांच्या अणुभट्ट्यांवर सरसकट पहारा ठेवायला त्यांनी जोरदार हरकत घेतली. गंमत बघा, १९६३ च्या करारात तारापूरसाठी तपासणीची अट मान्य झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. भट्ट्या अमेरिकेच्या, समृद्ध युरेनियमही तिकडचंच. तडजोडच ती, पण वीज हवी होती ना!

२४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना माँ ब्लाँवर त्यांचं विमान कोसळलं. तारापूर सुरू झालं १९६९ ला. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधनासाठी अडवणूक केली आणि १९८२ ला आपल्याला फ्रान्सकडे जावं लागलं.