नऊ पौंडांची तजवीज

चार्ल्स लॅम्ब हे नाव आपल्याकडे दोन वाटांनी आले. एक, शाळेत वाचलेल्या शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टींची आणि दुसरी, ‘इलिया’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधांची. मराठी लघुनिबंधाची वंशावळ मांडू लागले की तिची एक फांदी लॅम्बपर्यंत जातेच. मला मात्र तो निराळ्या नात्याने जवळचा वाटतो. मी पस्तीस वर्षे बँकेच्या खतावण्या सांभाळल्या. त्याने तेहतीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या.

लॅम्ब १७७५ साली लंडनमध्ये जन्मला. शाळेत कोलरिज त्याचा सोबती. मुलगा हुशार, पण बोलताना अडखळे. त्यापायी विद्यापीठाची वाट बंद झाली आणि १७९२ साली, सतराव्या वर्षी, तो कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत हिशेबखात्यात चिकटला. पहिली तीन वर्षे नियमित पगारही नव्हता. चहा, नीळ, कापड यांच्या रकमा उतरवायच्या, बेरजा ताडून पाहायच्या. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ती बुडवणाऱ्या कंपनीचे हिशेब लिहिणाऱ्यांत हा सालस माणूसही होता.

२२ सप्टेंबर १७९६ या दिवशी त्याच्या घरावर आकाश कोसळले. शिवणकाम करून घर चालवणारी आणि आजारी आईची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी थोरली बहीण मेरी हिचा तोल गेला आणि तिच्या हातून आईचा खून झाला. पंचांनी ते वेडाच्या भरातले कृत्य ठरवले. मेरीला कायमची वेड्यांच्या इस्पितळात ठेवावी, असे थोरल्या भावाचे मत. चार्ल्स तेव्हा एकवीस वर्षांचा. आदल्याच हिवाळ्यात सहा आठवडे तो स्वतः तशा इस्पितळात राहून आलेला. त्याने बहिणीची जबाबदारी जन्मभरासाठी अंगावर घेतली. १७९९ साली वडील वारले आणि मेरी त्याच्याकडे राहायला आली. लग्नाचा विचार त्याच्या मनात आला नाही असे नाही. १८१९ साली त्याने एका अभिनेत्रीला मागणी घातली होती. तिने नकार दिला.

मेरी एरवी शहाणी, वाचनवेडी. शेक्सपिअरच्या त्या गोष्टींतल्या बहुतेक तिनेच लिहिल्या. १८०७ साली पुस्तक निघाले तेव्हा नाव मात्र एकट्या चार्ल्सचे छापले गेले. पण दुखणे पुनःपुन्हा उलटे. त्याची चाहूल लागली की भाऊबहीण हातात हात घालून इस्पितळाच्या रस्त्याने चालू लागत. दोघेही रडत असलेले एका स्नेह्याने पाहिले होते.

अशा घरातला माणूस रोज सकाळी कचेरीत जाऊन बसे. कामाला तो जन्मभर कंटाळलेला होता. कंपनीने सणांच्या सुट्ट्या छाटल्या तेव्हा चरफडला. कचेरीच्या वेळात त्याने मित्रांना लांबलचक पत्रे लिहिली. आमच्या काळात त्याचा खुलासा मागितला गेला असता. पण खतावणी कचेरीतच राही. संध्याकाळ मेरीची, पुस्तकांची आणि आठवड्यातून एकदा पत्त्यांच्या बैठकीची. त्या बैठकीला हॅझलिटसारखी मंडळी येत, दारूही जरा जास्तच होई. कचेरीतल्या त्या तासांत तो कुणाचा भाऊ नव्हता आणि संध्याकाळी कुणाचा कारकून नव्हता. दोन्ही ओझी एकाच वेळी खांद्यावर आली असती तर तो मोडला असता, असे मला वाटते.

त्याला स्वतःला हे कळत होते. बर्नार्ड बार्टन नावाचा कवी एका गावात बँकेत कारकून होता. बँक सोडून लेखणीवर जगावे असे त्याच्या मनाने घेतले, तेव्हा १८२३ साली लॅम्बने त्याला निक्षून परावृत्त केले. प्रकाशकांच्या दारात उभे राहण्यापेक्षा टेबलाशी बांधून घेणे बरे, असा त्या पत्राचा आशय. बार्टन बँकेतच राहिला.

माझी पहिली कादंबरी निघाली तेव्हा स्नेह्यांनी मलाही नोकरी सोडायचा सल्ला दिला होता. मी सोडली नाही. महिनाअखेरीची चिंता नव्हती, म्हणून कादंबरीला हवा तेवढा वेळ देता आला. शाखेचे शटर पडले की बँक माझ्यामागे येत नसे, ही त्यातली मोठी सोय. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ती राहिली नाही. रात्री अकरा वाजता फोनवर वसुलीचे आकडे विचारले जाऊ लागले आणि जेवताना सुनेचे बोलणे माझ्या कानावरून जाऊ लागले. आज ती स्वतः अशाच नोकरीत आहे. ताट वाढलेले असते आणि तिचा फोन वाजत असतो.

२९ मार्च १८२५ रोजी लॅम्ब निवृत्त झाला. पगाराच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास पेन्शन. आनंदाने वेडा व्हायचा राहिला. निवृत्तीवर त्याने लगेच एक निबंधही लिहिला, पण पुढच्या वर्षांतली गोष्ट तितकी सुखाची नाही. सुट्टीचा दिवस ओळखू येईना. कंटाळा घरात मुक्कामाला आला. मेरीच्या आजारपणाच्या पाळ्या लांबत चालल्या आणि आता सकाळी निघून जायला जागा नव्हती. १८३३ साली एडमंटनला, जिथे मेरीची देखभाल होई त्याच घरात, तो राहायला गेला. पुढच्या वर्षी जुलैत कोलरिज गेला आणि डिसेंबरात रस्त्यात पडल्याचे निमित्त होऊन लॅम्बही गेला. वय एकोणसाठ.

त्याच्या पेन्शनीचा आकडा माझ्यातल्या बँकवाल्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. वर्षाला ४५० पौंड मंजूर झाले होते. तो घेई ४४१. नऊ पौंड दरसाल कापले जात ते आपल्यामागे मेरीची सोय राहावी म्हणून. ज्या कचेरीला त्याने आयुष्यभर घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तिच्या दप्तरात त्याने घरातले हे एकच नाव नेऊन लिहिले. मेरी त्याच्यामागे बारा वर्षांहून अधिक जगली.