पाखरांचे सोबती : डॉ. सालिम अली

डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. तिची ओळख विचारण्यास ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यांना आयुष्याची वाट सापडली. १९३० साली किहीम येथे घराजवळच्या सुगरणींची घरटी त्यांनी तासन्‌तास न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो व मादीने पसंत केल्यावरच ते पुरे करतो, हे त्यांनी दाखविले. पक्ष्यांची छायाचित्रे टिपणारे लोके वान थो हे त्यांचे प्रवासातील सोबती होते. सालिम अली १९८७ साली निवर्तले. आमच्या पांढुर्णा-सौसरच्या परसातही रंगीबेरंगी पाखरे येतात. आम्ही गलोल टाकून वही अथवा कॅमेरा हाती घेऊ.