वालचंद, फियाट आणि आमचे आबा

वालचंद म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला बारावीनंतरचा कॅप राउंड आठवतो. ऑप्शन फॉर्ममध्ये सांगलीचं वालचंद कितव्या नंबरवर टाकायचं, यावर आमच्या घरी दोन दिवस खल चालला होता. पण हे वालचंद कोण होते, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

तो पडला गेल्या दिवाळीत. आमचं गाव वेल्ह्याकडचं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सगळी उमेद मुंबईत टॅक्सी चालवण्यात घालवली. गावाला यायचे ते यात्रेला आणि गणपतीला. आता ते कायमचे गावी आहेत आणि भिंतीवर त्यांचा काळ्या-पिवळ्या टॅक्सीशेजारी उभा असलेला फोटो आहे. मी नुकतंच सबमिशन संपवून गेले होते, त्यामुळे अंगात जरा वारं शिरलं होतं. मी आबांना सांगितलं की ही गाडी फियाट नाही, ही प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्याच वाक्यात तिला पुन्हा फियाट म्हटलं. वाद तिथेच राहिला. सुट्टी संपल्यावर मी लायब्ररी गाठली आणि प्रीमियरच्या मागे मला शेठ वालचंद हिराचंद सापडले. त्यांचीच गोष्ट इथे सांगते आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घालाव्यात.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. दोशी घराणं मूळचं गुजराती, धर्माने दिगंबर जैन, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज अशी दोन कॉलेजं त्यांनी पाहिली. पण घरच्या पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं मोठं काम बार्शी लाइट रेल्वेचं. फाटकांना कामाची खडान्‌खडा माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस होतं. फाटक-वालचंद ही जोडी जमली.

इथे माझी एक फजिती सांगते. वालचंदांच्या कंपनीने भोर घाटातले रेल्वेचे बोगदे खोदले, असं वाचलं आणि मी आनंदाने उडालेच. आपलं भोर! मग कळलं की तो खंडाळ्याचा बोरघाट. आमच्या भोरहून कोकणात उतरतो तो वरंधा घाट, आणि तिथे आगगाडीचा पत्ताच नाही. पण खरं नातं दुसरीकडे निघालं. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदांनी उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, त्याचंच पुढे वालचंदनगर झालं. त्या पट्ट्याला पाणी मिळतं नीरा डाव्या कालव्याचं, आणि कालव्याला पाणी येतं भोर तालुक्यातल्या भाटघर धरणातून. म्हणजे त्यांच्या साखरेत थोडं आमचंही पाणी आहे.

वालचंदांना परक्यांची मक्तेदारी मोडायची खोड होती. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांसोबत ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी ही बोट विकत घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला ती बोट मुंबईहून निघाली. आज तो दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण ते तग धरून राहिले.

जहाजानंतर डोक्यात मोटार शिरली. खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे सर विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात भारतात मोटारीचा कारखाना व्हावा म्हणून धडपडत होते. वालचंदांनी ते काम अंगावर घेतलं आणि १९३९ मध्ये थेट अमेरिका गाठली. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स भारतात होत्याच, पण त्या बाहेरून सुटे भाग आणून इथे नुसते जोडायच्या. वालचंदांना गाडी इथे बनवायची होती, आणि हा फरक फार मोठा आहे. फोर्डच्या भारतातल्या धंद्याचे हक्क कॅनडातल्या फोर्ड कंपनीकडे होते, तिथे बोलणी अडली. जनरल मोटर्सशीही जमलं नाही. शेवटी क्रायस्लर तयार झाली.

या प्रवासातला एक योगायोग तर सिनेमात शोभावा असा आहे. परतीच्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. तीच आजची एचएएल. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधायच्या कारखान्याची पायाभरणी झाली. मोटार आणायला गेलेल्या माणसाच्या पदरात आधी विमान पडलं आणि मोटार मात्र मागे राहिली, कारण इंग्रज सरकारने तिला हात दिला नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला १९४४ उजाडलं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडायला १९४७.

आता खरी मेख. क्रायस्लरकडून आलेल्या गाड्या होत्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. नावं तीन, पण परदेशी पाठवायच्या कित्येक मॉडेलांत बॉडी आणि इंजिन जवळजवळ एकच, फरक जाळीचा आणि बिल्ल्याचा. ट्रकचंही तेच, डॉज, डिसोटो आणि फार्गो. वर या गाड्या अवाढव्य. प्लिमथचं सहा सिलिंडरचं इंजिन साधारण साडेतीन लिटरचं होतं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, जिथे पेट्रोल बाहेरून आणावं लागायचं आणि मोटार घेणारी माणसं मोजकीच होती, तिथे ही गाडी कितीजणांना परवडणार? अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण डेट्रॉइटला कुणी सांगितली नसावी.

पण हा वेडेपणा नव्हता, त्यामागे हिशेब होता. लहान गाडी बनवायलाही डाय लागतात, असेंब्ली लाइन लागते, वेल्डिंग लागतं, माणसं लागतात. लोखंड कमी लागलं तरी बाकीचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. किंमत मात्र बरीच कमी ठेवावी लागते. त्यामुळे मोठ्या गाडीवर नफा जास्त. त्यात अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि रस्ते ऐसपैस. मग कंपनीचे चांगले इंजिनियर मोठ्या गाडीवर काम करणार आणि लहान गाडी लागली की ती दुसऱ्याकडून आणून तिच्यावर आपला बिल्ला लावणार. अशाने गिऱ्हाइकाला कळतच नाही की या नावाचा अर्थ काय. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

वालचंदांना यातून वाट काढायला आयुष्य पुरलं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते धंद्यातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. त्याच सुमारास त्यांच्या कंपनीने इटलीच्या फियाटशी हात मिळवला आणि कुर्ल्यात फियाट ५०० जुळू लागली. तिचं इंजिन ५६९ सीसीचं, म्हणजे प्लिमथच्या जवळपास सहावा हिस्सा. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूर इथे वालचंद गेले. त्याच काळात सरकारने ठरवलं की नुसते भाग जोडणाऱ्यांना इथे थारा नाही, आणि फोर्ड व जनरल मोटर्सनी गाशा गुंडाळला. ज्या कंपन्यांच्या दारातून वालचंद रिकाम्या हाताने परतले होते त्या गेल्या आणि त्यांची कंपनी राहिली. १९५४ पासून प्रीमियरने १०८९ सीसीची फियाट ११०० हाती घेतली. तिचीच पुढची आवृत्ती १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी नावाने विकली जाऊ लागली. ती आबांची गाडी. वालचंदांनी ती कधी पाहिलीच नाही, याचं मला वाईट वाटतं.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून द्यावी, तर ती आपल्याच जिल्ह्यात पुन्हा घडली. जनरल मोटर्स १९९० च्या दशकात परत आली. आधी ओपल नावाने गाड्या विकल्या, मग शेवरोले आणली आणि ओपल बंद केली. २००७ मध्ये आलेली शेवरोले स्पार्क म्हणजे मुळात कोरियाच्या देवूची मटीझ, जी आपल्याकडे आधीच देवू म्हणून विकून झाली होती. जपानच्या सुबारूची फॉरेस्टरसुद्धा इथे शेवरोले होऊन आली. स्पार्क वाईट नव्हती, पण शेवरोले म्हणजे नक्की काय, हे लोकांच्या मनात बसलंच नाही. २०१७ अखेर विक्री थांबली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना बंद पडला आणि हजाराहून जास्त कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला. २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. फोर्डनेही २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवण्याचं जाहीर केलं. आपल्यातले कितीतरी जण चाकण-तळेगावकडे डोळे लावून बसलेत, म्हणून हे आपल्यालाही माहीत हवं. बिल्ल्याचा निर्णय कुठेतरी लांब होतो आणि बंद फाटकापुढे उभा राहतो तो इथला माणूस.

गंमत म्हणजे वालचंदांची कंपनी ज्या दोघांशी जोडली गेली, त्या क्रायस्लर आणि फियाट पुढे एक झाल्या. २०१४ मध्ये फियाटने क्रायस्लर पूर्ण ताब्यात घेतली. म्हणजे लहान गाडीवाल्याने मोठ्या गाडीवाल्याला विकत घेतलं! २०२१ पासून दोघी स्टेलांटिस नावाच्या एकाच छत्राखाली आहेत. जीप हे नावही त्यांचंच, आणि रांजणगावला २०१७ पासून त्यांची जीप बनते. पण हे आमच्या वेल्ह्यात सांगून बघा. चेलाडी फाट्यावर वडापसाठी उभ्या असलेल्या माणसाला जीप म्हणजे महिंद्राची, मागे समोरासमोर बाकं असलेली. चढावर न कुरकुरता माणसं, दुधाचे कॅन आणि तांदळाची पोती ओढणारी. तिथे नाव जाहिरातीतून येत नाही, रोजच्या कामातून येतं.

तेव्हा आबांचंही मला आता पटतंय. बॉनेटवर प्रीमियर लिहिलं असलं तरी आबांसाठी फियाट म्हणजे दाटीवाटीच्या गल्लीत वळणारी, कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला दुरुस्त करता येणारी आणि महिन्याकाठी घरी मनीऑर्डर धाडू देणारी गाडी. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा आबा दिवसभर गप्प होते. तेव्हा मला त्यांचं कारण कळलं नव्हतं.

या मे महिन्यात गावी जाईन तेव्हा मी नावावरून वाद घालणार नाही. त्या फोटोखाली बसून आबांना फक्त एवढंच सांगेन की त्यांच्या फियाटमागे सोलापूरचा एक माणूस होता. तो अमेरिकेपर्यंत जाऊन आला होता, आणि त्याच्या उसाला पाणी आपल्या भाटघरचं होतं.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल