सेवा दलाच्या स्टेजवरून सिनेमाच्या पडद्यावर : दादा कोंडके यांची वाट

गावच्या यात्रेत नाटक बसवणारी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. दिवसभर शेतात नाहीतर दुकानात राबायचं आणि रात्री शाळेच्या पटांगणात तालीम करायची. पैसा मिळत नाही, उलट पदरचाच जातो. घरची मोठी माणसं मग विचारतात, याने पोट भरणार आहे का? हा प्रश्न ज्यांना सतावतो त्यांनी दादा कोंडके यांची सुरुवात जरूर वाचावी. सिनेमातले दादा सगळ्यांना माहीत आहेत. त्याआधीचे दादा फार कमी लोकांना ठाऊक आहेत.

दादांचं खरं नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत, नायगावच्या चाळीत झाला. मूळ गाव मात्र पुणे जिल्ह्यातल्या भोर तालुक्यातलं इंगवली. घरातली माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरणीत आलेली. म्हणजे राहणं शहरात, पण बोलणं, खाणं, सणवार सगळं गावाकडचं. पुढे पडद्यावर जी भाषा ऐकून खेडोपाड्यातली माणसं पोट धरून हसली, ती अशी घरातच मिळालेली होती.

तरुणपणी दादा नायगावात दांडगाईसाठी ओळखले जायचे. मग एका वर्षाच्या आत घरातली जवळची बरीच माणसं गेली. या दुःखाने ते पार बदलले. लोकांना हसवायचं, हीच वाट त्यांनी धरली. उदरनिर्वाहासाठी 'अपना बाजार'मध्ये नोकरी होती, पगार महिना ६० रुपये. नोकरी सांभाळून ते बँड पथकात वाजवायचे आणि सेवा दलाच्या कलापथकात काम करायचे.

कलापथक म्हणजे काय, ते नव्या पोरांना सांगायला हवं. राष्ट्र सेवा दलाची मंडळी गावोगावी जाऊन गाणी, पोवाडे, लोकनाट्यं करायची. मनोरंजनातून समाजाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हा हेतू. यात कमाई नव्हती. निळू फुले हेसुद्धा याच कलापथकातून पुढे आलेले नट.

दादांना इथे दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे प्रेक्षकाची ओळख. नाटकं घेऊन महाराष्ट्रभर फिरताना कुठल्या वाक्याला टाळी पडते, कुठे माणसं जांभया देतात, हे त्यांनी समोर बघितलं. हे शिक्षण कुठल्याही शाळेत मिळत नाही. दुसरी म्हणजे माणसं. लिहिणारे, बसवणारे, वाजवणारे, गाणारे अशा नाटकातल्या जाणत्या मंडळींशी ऊठबस वाढली. त्यातच एक होते लेखक वसंत सबनीस.

'खणखणपूरचा राजा' या नाटकात दादांनी काम केलं. ते काम सबनिसांना आवडलं होतं. पुढे दादांनी स्वतःची नाटक मंडळी काढायचं ठरवलं आणि लोकनाट्य लिहून द्या म्हणून सबनिसांकडे गेले. दादांकडे द्यायला पैसा नव्हता. तरीही सबनिसांनी एक पैसा न घेता लिहून दिलं. ते लोकनाट्य म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा'. साल होतं १९६५.

इथे जरा थांबून विचार करा. नावाजलेला लेखक फुकट का लिहून देईल? दादांनी ओळखीचा वशिला लावला नव्हता. सबनिसांनी त्यांचं काम बघितलेलं होतं, आणि तेच दादांच्या उपयोगी पडलं.

'विच्छा'मध्ये तमाशातली गण-गवळण, बतावणी आणि वग होता, पण विषय आजचे होते. दादा हवालदार झाले होते. ताज्या घडामोडींवर ते ऐनवेळी कोपरखळ्या मारायचे, त्यामुळे आजचा प्रयोग कालच्यासारखा नसायचा. या लोकनाट्याचे हजाराहून जास्त प्रयोग झाले. हौसेचा नट आता व्यवसायाचा नट झाला होता.

पुढची ओळखही अशीच कामातून झाली. 'विच्छा' बघून गायिका आशा भोसले खूश झाल्या आणि त्यांनी कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं. भालजींनी १९६९ च्या 'तांबडी माती'मध्ये दादांना घेतलं. भालजी म्हणजे मराठी सिनेमातलं मोठं विद्यापीठच.

१९७१ साली दादांनी स्वतः 'सोंगाड्या' काढला. कथेसाठी ते पुन्हा सबनिसांकडेच गेले. निळू फुलेही त्या सिनेमात होते. म्हणजे बिनपैशाच्या दिवसांत ज्यांनी हात दिला, ज्यांच्या वाटेची सुरुवात आपल्यासारखीच झाली, ती माणसं दादांनी धरून ठेवली. तमाशाच्या नादी लागलेला भोळा नाम्या गावागावांत पोचला. पाठोपाठ 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार' आले. लागोपाठ ९ सिनेमांनी रौप्यमहोत्सव केला आणि दादांचं नाव गिनीज बुकात गेलं.

त्यांच्या द्वयर्थी संवादांवर टीकाही भरपूर झाली, सेन्सॉरशी खटके उडाले. पण खेड्यातला प्रेक्षक शेवटपर्यंत त्यांच्यामागे राहिला. १४ मार्च १९९८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

प्रत्येक सोंगाड्याचा दादा कोंडके होत नाही, हे खरंच आहे. पण दादांना एकेक दार उघडून देणाऱ्या माणसांनी आधी त्यांचं काम बघितलं होतं, आणि त्याची सुरुवात बिनपैशाच्या स्टेजवर झाली होती. म्हणून यंदाच्या यात्रेत वाट्याला हवालदाराचं चार वाक्यांचं काम आलं, तरी ते जीव ओतून करा. समोर कोण बसलंय, हे स्टेजवरून दिसत नसतं.