पेशीच्या श्वासाचा शोध घेणाऱ्या कमलाबाई सोहोनी

हृदयविकाराच्या तपासण्यांमध्ये आजकाल 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द कानावर येतो. त्याचे मूळ पेशीच्या श्वसनात आहे. या श्वसनातील एका दुव्यावर डॉ. कमला सोहोनी या मराठी संशोधिकेने १९३९ च्या सुमारास मोलाचे काम केले.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, तर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि हटून बसल्या. अखेर एक वर्ष काम पाहून ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून पुढे मुलींसाठी संस्थेचे दार उघडले.

मग केंब्रिज. बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' असते, हे दाखवले. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. १९३९ मध्ये त्यावर पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात.

सायटोक्रोम सी हे प्रथिन अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवते. शेवटी ते प्राणवायूला मिळतात, पाणी तयार होते आणि पेशीला ऊर्जा मिळते. वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटतात व प्राणवायूचे घातक रेणू बनतात. शरीर त्यांचा बंदोबस्त करते. तो अपुरा पडला की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतील कोलेस्टेरॉलचे कण अशा रेणूंमुळे बिघडले की तेथे थर साचू लागतो.

चरबीच्या या बिघाडातून उरणारे मॅलॉनडायअल्डिहाइड रक्तात मोजता येते. पण ते धूम्रपान, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांतही वाढते. बोट हृदयाकडेच दाखवत नाही. म्हणून हर्सूलहून छातीत कळ घेऊन घाटी रुग्णालयात आलेल्या माणसाचे निदान ईसीजी आणि ट्रोपोनिनवर होते. या तपासणीसाठी तेव्हा थांबणे म्हणजे वेळ दवडणे.

कमलाबाई १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ च्या विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्या पुढे संचालकही झाल्या. गरिबाला परवडणारे पोषण हा त्यांचा ध्यास होता. नीरेवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नभेसळीविरुद्ध काम केले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या प्रक्रियेने पेशी जगते, तिच्यातूनच हे घातक रेणू निघतात. ते गोळ्यांनी पुसता येत नाहीत. 'ई' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके टळत नाहीत, असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, रोज चालणे आणि ताटात डाळी, भाज्या, फळे असणे हेच उपाय खरे. छातीत दुखले तर मात्र आधी रुग्णालय गाठावे.