कर्मवीर दादासाहेब आणि ‘तातडीची बाब’

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्याच्या आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ रोजी जन्मलेले भाऊराव कृष्णाजी गायकवाड म्हणजेच आपले कर्मवीर दादासाहेब. १९३० पासून पाच वर्षे काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा वाहणारे दादासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. संसदेतील दादासाहेबांची आठवण मात्र क्वचितच निघते.

१९५७ साली ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. परमपूज्य बाबासाहेबांच्या पश्चात भूमिहीनांचा प्रश्न त्यांनी खांद्यावर घेतला होता. परंतु सभागृहाचे नियम कोणाच्या बाजूचे?

लोकसभेत तातडीच्या प्रश्नावर सर्व कामकाज बाजूला सारून सरकारला जाब विचारायचा, तर स्थगन प्रस्ताव हे मोठे हत्यार. मात्र विषय एकच, निश्चित आणि नुकताच घडलेला असावा लागतो. हरकत निघाली तर पाठिंब्यासाठी ५० सदस्य उभे राहावे लागतात. भूमिहीनाची उपासमार तर पिढ्यान्‌पिढ्यांची! म्हणजे जे दुःख सर्वांत जुने, तेच नियमाच्या भाषेत तातडीचे नाही. आणि बोटांवर मोजता येणाऱ्या खासदारांनी पन्नास आणायचे कुठून?

१९६२ ते १९६८ दादासाहेब राज्यसभेत होते. मंत्रिमंडळ केवळ लोकसभेला जबाबदार असल्याने तेथे स्थगन प्रस्तावच नाही. अल्पकालीन चर्चा मागता येते, पण तिच्या शेवटी मतदान होत नाही.

म्हणून दादासाहेब संसदेत बोलत राहिले आणि रस्त्यावरही उतरले. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह ही त्यांचीच उभारणी. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, धान्याचे भाव आवरा, किमान वेतन कायदा अमलात आणा, या मागण्यांसाठी माणसे हसत तुरुंगात गेली. उपासमार जुनी असेल. भरलेले तुरुंग मात्र कालपरवाची घटना होती. जुन्या दुःखाला ताजी तारीख देण्याचे हे काम दादासाहेबांनी केले.

१९६८ साली पद्मश्री मिळालेले दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजी गेले. स्थगन प्रस्तावाच्या त्या अटी आजही तशाच आहेत. तेव्हा आपल्या वकिलांनी व कार्यकर्त्यांनी नियमावली वाचावी. गायरानातून हुसकावल्याच्या नोटिसा, मजुरी थकल्याच्या तारखा, रेशन बंद झाल्याचे दिवस गावोगाव नोंदवून खासदारांच्या हाती द्यावेत. कर्मवीरांची जयंती साजरी करणाऱ्यांनी एवढे काम तरी अंगावर घेतलेच पाहिजे.